चालत जाण्याजोगा शेजार

शास्त्रपाठ : मार्क 1:29–39, मार्क 2:1–12, जखऱ्या 8:4–5



शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा आपणांपैकी बहुतेकांना रविवारच्या शाळेपासून पाठ आहे. माझा शेजारी कोण, असे एका शास्त्र्याने प्रभूला विचारले, आणि त्या प्रश्नावर आपण पुष्कळ उपदेश ऐकले आहेत. आज त्याला लागून असलेला एक साधा प्रश्न मनात घेऊ या. शेजारी राहतो तरी किती अंतरावर? त्याच्या दारापर्यंत पोहोचावयास किती पावले चालावी लागतात? आणि ती पावले आपण शेवटची केव्हा चाललो?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु पवित्र शास्त्राने पावलांचा हिशोब क्षुल्लक मानलेला नाही. जैतुनांचा डोंगर यरुशलेमेपासून शब्बाथाच्या मजलेइतका दूर होता, असे लूक प्रेषितांच्या कृत्यांत (1:12) सांगतो. ही मजल म्हणजे दोन हजार हात, आपल्या मापाने सुमारे 900 मीटर. विसाव्याच्या दिवशी आपल्या वस्तीपासून याहून दूर जाऊ नये, असा यहूदी धर्मशास्त्र्यांचा निर्बंध होता. लेव्यांना दिलेल्या नगरांभोवती चारही दिशांना जे शिवार मोजून द्यावयाचे होते, त्याचेही माप दोन हजार हात असे गणना 35:5 मध्ये आहे. सावकाश चालणाऱ्याला हे अंतर कापण्यास पाव तास पुरे.

या निर्बंधाकडे आपण केवळ नियमांचे ओझे म्हणून पाहतो. पण त्याचा एक परिणाम असा झाला की, ज्याला शब्बाथ पाळावयाचा होता त्याला सभास्थानापासून चालत जाण्याजोग्या अंतरावरच बिऱ्हाड करावे लागले. उपासना, घर आणि शेजार ही तिन्ही एका पाव तासाच्या चालीत आली. आपल्या कोकणातील बेने इस्राएल लोक मराठी बोलत, तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावोगाव त्यांना शनिवार तेली म्हणत. अलिबागेत त्यांची वस्ती इस्राएल आळी म्हणून ओळखली जाते आणि त्यांचे प्रार्थनामंदिर त्याच आळीत आहे. 1948 नंतर त्यांतील बहुतेक कुटुंबे हळूहळू इस्राएल देशात गेली. आळीचे नाव मात्र राहिले.

आजचे नगररचनाकारही याच मापाकडे वळले आहेत. 1929 साली न्यूयॉर्कच्या आराखड्यासाठी क्लॅरेन्स पेरी यांनी अशी कल्पना मांडली की, वस्तीच्या मध्यभागी शाळा असावी आणि कोणत्याही घरातून तेथे पाव मैलाच्या आसपास चालून पोहोचता यावे. अलीकडे पॅरिसमध्ये पंधरा मिनिटांच्या शहराची चर्चा झाली. विद्वानांनी आराखडे काढून जे सुचविले ते आपल्या कित्येक गावांना न सुचविताच मिळालेले होते. मिळालेले टिकते की नाही, एवढाच प्रश्न आहे.

आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबे आता शहराच्या कडेला राहतात. ना धड गाव, ना धड शहर, अशी ती वस्ती असते. उदाहरणादाखल गोव्याच्या डिचोली तालुक्यातील कारापूर डोळ्यांपुढे आणू या. कारभाराला तेथे कारापूर-सर्वण ही ग्रामपंचायत आहे. जनगणनेच्या दप्तरात मात्र कारापूरची नोंद शहर म्हणून झाली आहे. पंचायतीच्या एखाद्या गावाला शहर ठरविताना जनगणना तीन गोष्टी पाहते. लोकसंख्या किमान 5000 असावी, दर चौरस किलोमीटरला किमान 400 माणसे राहावीत, आणि कमावत्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेरच्या कामावर असावेत. ही तिसरी अट नीट ध्यानात घ्या. तिचा अर्थ असा की, घर गावात राहिले, पण कामाने गाव सोडला. सकाळी माणसे बसने किंवा दुचाकीने म्हापशाला, पणजीला, कारखान्यांकडे निघतात आणि दिवे लागल्यावर परततात.

तरीही कारापुरात पायी चालणाऱ्याला बहुतेक सारे मिळते. सांखळीची बाजारपेठ लगत आहे. वाळवंटी नदी काठाने वाहते. सकाळी पोदेर सायकलला पावाची पाटी बांधून, भोंगा वाजवीत वाड्यावरून फिरतो. विठ्ठलापूरचे विठ्ठलमंदिर राणे घराण्याशी निगडित आहे, आणि त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री तेथे नदीत सजविलेल्या होड्या सोडतात. तो सोहळा पाहावयास आजूबाजूच्या वाड्यांवरची माणसे लोटतात. धर्म आपला नसेल, पण एवढे आपण पाहावे की, चालत येणाऱ्या गर्दीत माणसे एकमेकांना नावाने हाका मारतात.

आता आपण मार्काच्या शुभवर्तमानाकडे वळू.

1. हे अंतर देवाचे दान आहे

तो शब्बाथाचा दिवस होता. कफर्णहूमच्या सभास्थानातून निघून प्रभू येशू लागलाच शिमोन व अंद्रिया यांच्या घरी गेला. घरात शिमोनाची सासू तापाने निजून होती. घरच्यांनी त्याला तसे सांगितले, त्याने तिचा हात धरून तिला उठविले, आणि ती त्यांची सेवा करू लागली.

सभास्थान ते शिमोनाचे घर हे अंतर केवढे? 1968 पासून कोर्बो व लोफ्रेडा या फ्रान्सिस्कन संशोधकांनी कफर्णहूम येथे उत्खनन केले. काळ्या दगडाची लहान लहान घरे तेथे सापडली. ती एकेका सामाईक अंगणाभोवती बांधलेली होती आणि त्यांच्यामधून अरुंद गल्ल्या जात होत्या. त्यांतील एका घरावर पुढे पाचव्या शतकात अष्टकोनी चर्च बांधण्यात आले; तेच पेत्राचे घर असावे असे मानतात. तेथून सभास्थानाच्या अवशेषांपर्यंतचे अंतर सुमारे 30 मीटर आहे. आपल्या वाड्यांत एका घराच्या सोप्यापासून तिसऱ्या घराच्या सोप्यापर्यंत असते तेवढेच.

या 30 मीटरांत काय घडले ते पाहा. सभास्थानातले वचन घरातल्या अंथरुणापर्यंत पोहोचले. मध्ये कोणी निरोप्या नव्हता, पत्र नव्हते, वेळ ठरविलेली नव्हती. घर जवळ होते म्हणून प्रभू आत गेला, आणि आत गेला म्हणून आजारी बाईविषयी त्याला सांगता आले. आजच्या भाषेत बोलावयाचे तर उपासना सुटल्यावर वाटेत एका घरी डोकावून जाण्याइतकीच ती गोष्ट होती. किती आजार, किती उपासमार, किती भांडणे अशा डोकावण्याने कळतात! आणि डोकावण्यासाठी त्या घरावरून पायी जावे लागते. गाडीत बसून जाणाऱ्याला घर दिसते. चालत जाणाऱ्याला खोकला ऐकू येतो.

पुढे मार्क म्हणतो की, सूर्य मावळल्यावर लोकांनी आपले आजारी त्याच्याकडे आणले. सूर्य मावळेपर्यंत ते थांबले, कारण शब्बाथ संपल्याशिवाय त्यांना आजाऱ्यांना वाहून आणता येत नव्हते. मग सारे नगर त्या एका दाराशी जमले. हजार-दीड हजार वस्तीचे ते गाव असावे असा अभ्यासकांचा अंदाज आहे. दिवेलागणीच्या वेळी बातमी अंगणाअंगणांतून गेली आणि कोणी खाट उचलून, कोणी पाठीवर घेऊन, कोणी हात धरून आपले माणूस आणले. दार कोठे आहे हे कोणाला विचारावे लागले नसेल. एक दार सगळ्या गावाला चालत जाण्याजोगे होते, म्हणून त्या संध्याकाळी कोणाचा आजारी मागे राहिला नाही.

2. नुसती जवळीक पुरत नाही

परंतु प्रियजनहो, येथेच थांबलो तर आपण अर्धे सत्य सांगू. जवळ राहणे म्हणजे प्रीती करणे नव्हे.

काही दिवसांनी प्रभू पुन्हा कफर्णहूमास आला. पुन्हा दाराशी गर्दी झाली. या वेळी चौघे जण एका पक्षघाती मनुष्याला घेऊन आले, आणि त्यांना आत जाता येईना. गर्दी कोणाची होती? त्याच गावच्या लोकांची, त्याच वचनाच्या श्रोत्यांची. जी माणसे त्या संध्याकाळी स्वतःचे आजारी घेऊन आली होती, त्यांतलीही काही त्या दारात उभी असतील. अंतर चार पावलांचे होते, पण वाट बंद होती.

आपल्या देशातील गावांची रचना आठवा. विहीर जवळ होती, पण सर्वांसाठी नव्हती. देऊळ, पाणवठा, पार, सारे चालत जाण्याजोगे होते. तरी गावकुसाबाहेर राहणाऱ्याला ते शंभर कोसांवर होते. आपल्या मराठी मंडळ्यांतील कित्येक घराण्यांच्या पूर्वजांनी हे अंतर सोसलेले आहे. 20 मार्च 1927 रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह सभेच्या जागेवरून चवदार तळ्यावर चालत गेले आणि तेथले पाणी प्याले. ती वाट गावातल्या गावातच होती. पण तेवढी चालण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहावी लागली आणि चालल्याबद्दल मारही खावा लागला. म्हणून वस्ती किती आटोपशीर आहे, दुकान किती जवळ आहे, एवढ्यावर आपण समाधान मानू नये. कोणाला कोणत्या दारापर्यंत जाऊ दिले जाते, हे विचारावे.

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातही हेच आहे. याजक व लेवी त्या जखमी मनुष्याच्या अगदी जवळून गेले. यरुशलेम ते यरीहो ही वाट पंचवीस-सव्वीस किलोमीटरांची. त्या उजाड वाटेवर त्यांनी काही पावलांचे अंतर ओलांडले नाही. उलट शोमरोनी परका होता आणि प्रवासात होता. त्याने जखमीला आपल्या जनावरावर बसविले, म्हणजे पुढची वाट तो स्वतः पायीच चालला असेल. त्याच्या चालण्याने परका शेजारी झाला.

आता त्या चौघांकडे पाहा. चौघे हा शब्द आपल्या मराठीत जड आहे. चौघे म्हटले की शेवटची खाट आठवते, खांदा देणारे आठवतात. माणूस गेला की चौघे मिळतातच. मिळाले नाहीत तर ती मोठी नामुष्की मानतात. शुभवर्तमानातले हे चौघे मात्र माणूस जिवंत असताना आले. त्यांनी खाट उचलली ती दफनभूमीकडे नेण्यासाठी नव्हे, प्रभूच्या पायांशी नेण्यासाठी. ते चौघे त्याचे कोण होते हे मार्क सांगत नाही. भाऊ म्हणत नाही, मुलगे म्हणत नाही. खाट चौघांनी उचलून न्यावयाची तर ते फार लांबून आलेले नसावेत. आसपासचेच असतील, त्याचे अंथरूण रोज पाहणारे. दार बंद दिसल्यावर ते छपरावर चढले. त्या घरांची छपरे वासे, फांद्या आणि मातीची असत आणि अंगणातून वर जाण्यास पायऱ्या असत, म्हणून ते उकलता आले. आणि मार्क लिहितो की, येशूने त्यांचा विश्वास पाहिला. विश्वास दिसला तो त्यांच्या खांद्यांत आणि हातांत.

आपण प्रत्येकाने मनाशी विचारावे. आपल्या वाड्यावर, आपल्या इमारतीत, आपल्या आळीत अंथरुणाला खिळलेले कोण आहे? त्याच्यासाठी चौघे व्हावयाचे तर त्यांतला एक मी आहे का? की मी चौथा होईन तो फक्त शेवटच्या दिवशी?

3. हे अंतर राखावे लागते

देवाने बाबेलच्या बंदिवासातून आपल्या लोकांना परत आणले, तेव्हा नव्या यरुशलेमेचे चित्र त्याने जखऱ्या संदेष्ट्याच्या द्वारे दाखविले. त्या चित्रात राजवाडा पुढे नाही, सैन्य पुढे नाही. काठी टेकीत चालणारे म्हातारे व म्हाताऱ्या नगराच्या चौकांत निवांत बसल्या आहेत आणि मुलेमुली रस्त्यांवर खेळत आहेत. नगर देवाच्या इच्छेप्रमाणे वसले की नाही हे पाहण्याची खूण म्हणून देवाने ही दोन टोके निवडली : जो जोराने चालू शकत नाही तो, आणि ज्याला रस्ता म्हणजे अंगण वाटते ते मूल.

या मापाने आपल्या वस्त्या मोजू. गोव्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत सुमारे 14 लाख 58 हजार होती. नोंदणी झालेली वाहने आज त्या आकड्याच्याही पुढे गेली आहेत. रस्त्यांवरील अपघातांत या लहानशा राज्यात दरवर्षी दोनशेहून अधिक माणसे मरतात. पेडणे तालुक्यात महामार्ग रुंद झाला, मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 पासून सुरू झाला. दूरचे जग जवळ आले. पण रुंद रस्त्याच्या अलीकडे राहणाऱ्या म्हातारीला पलीकडच्या बहिणीचे घर पूर्वीपेक्षा दूर झाले, असेही होते. नकाशावर अंतर तेवढेच असते. ओलांडण्याची छाती होत नाही.

डिचोली तालुक्याने हे आणखी एका रीतीने पाहिले. खनिजाच्या भरभराटीच्या वर्षांत लोहखनिजाचे ट्रक एकामागून एक रस्त्यावरून धावत, लाल धूळ झाडांवर व कपड्यांवर बसे, आणि शाळेला निघालेल्या मुलांना हात धरून कडेने न्यावे लागे. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणी थांबल्या. पुढे काही काळ चालून मार्च 2018 मध्ये पुन्हा बंद झाल्या. धूळ बसली, पण ट्रकवर आणि खाणीवर ज्यांचे पोट होते त्यांच्या घरातली मिळकतही बसली. एप्रिल 2024 पासून डिचोलीच्या पट्ट्यात खाणकाम पुन्हा सुरू झाले आहे. ख्रिस्ती मनुष्याने येथे सोपे उत्तर देऊ नये. मूल निर्भयपणे शाळेत चालत जावे आणि त्याच्या बापाला कामही असावे, या दोन्ही गोष्टी देवाला हव्या आहेत. एकीसाठी दुसरी विसरणे हे शेजारधर्माला धरून नाही. परंतु काम चालू असतानाही ट्रक कोठून जावेत, किती वेगाने जावेत, शाळेच्या वेळी थांबावेत की नाही, हे माणसांच्याच हाती असते. ग्रामसभेत बसून ते बोलणे ही देखील सेवा आहे.

वाहन हे पाप नव्हे. ज्याचे काम पणजीला आहे त्याने चालत जावे असे कोणी म्हणणार नाही. कूशी देशाचा तो अधिकारीही रथात बसूनच चालला होता (प्रे. कृ. 8:26–39). फिलिप्प पायी धावत रथाजवळ गेला तेव्हा आतले वाचन त्याला ऐकू आले, आणि रथातल्या मनुष्याने त्याला वर येऊन बसण्याची विनंती केली. रथ असा वापरावा. वाटेत उन्हातून किंवा पावसातून चालणारा कोणी दिसला तर त्याला जवळ बसवून घ्यावे. आणि शाळेजवळून, आपल्या वाड्यावरून जाताना वेग कमी करावा. घाई आपली असते, रस्ता सर्वांचा असतो.

आणखी एक गोष्ट आपल्या घराच्या हद्दीत आहे. पूर्वी गडगा कमरेएवढा असे. त्यावरून भाजी दिली जाई, ताटली परत येई, चार शब्द बोलले जात. आता पैसा आला की पहिल्याने भिंत उंच होते आणि फाटकावर कुत्र्याची पाटी लागते. चोराची भीती खोटी नाही. पण पाच-दहा वर्षे उंच भिंतीआड राहिल्यावर शेजारची मुले कोणती हे ओळखू येत नाही, आणि मग अनोळखी माणसाची भीती आणखीच वाढते. भिंत बांधणाऱ्याने फाटकाची कडी आतून कितीदा निघते हेही मोजावे.

4. हे अंतर कुंपण होऊ नये

शेवटी एक वळण आहे, आणि ते महत्त्वाचे आहे. सारे नगर दाराशी जमले त्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी, पहाटे अंधारातच प्रभू उठून एकान्ती गेला व प्रार्थना करू लागला. शिमोन व त्याचे सोबती त्याला शोधीत आले. सगळे लोक त्याला शोधीत आहेत असे त्यांनी सांगितले. कोणाही उपदेशकाला ही बातमी गोड वाटली असती. ओळखीचे गाव, ओळखीचे दार, सासूबाईंच्या हातचे जेवण, 30 मीटरांवर सभास्थान! पण प्रभूने सांगितले की, आपण आसपासच्या दुसऱ्या गावांना जाऊ. त्यासाठीच तो आला होता.

चालत जाण्याजोगा शेजार सुखाचा असतो, म्हणूनच तो कुंपण होऊ शकतो. आपले दुकान, आपली शाळा, आपली माणसे, एवढ्यात मन रमते. बाहेरून आलेला भाडेकरू, परप्रांतातला मजूर, कडेच्या झोपडीतले कुटुंब दिसेनासे होते. प्रभू दारापाशी थांबला, पण दारात अडकला नाही.

हे वचन आपल्या विखुरलेल्या कुटुंबांसाठी उलट बाजूनेही खरे आहे. गोव्यात मराठी प्रॉटेस्टंट कुटुंबे थोडी आहेत. डिचोली-पेडण्याकडे राहणाऱ्या अशा एखाद्या कुटुंबाला मराठी उपासना चालत जाण्याजोगी नसते. रविवारी बस धरावी लागते. महाराष्ट्रातही बदलीच्या नोकरीने दूर गेलेल्यांची हीच स्थिती असते. मग मनात असे बसते की, आपली माणसे तिकडे, रविवारच्या गावी आहेत. येथे, जेथे आपण सहा दिवस राहतो, तेथे आपण नुसते राहतो. प्रियजनहो, असे समजू नका. रात्री अपरात्री ताप चढला तर पहिला दिवा शेजारच्या घरात लागतो. तो शेजारी बहुधा आपल्या मंडळीचा नसेल, त्याच्या अंगणात तुळस असेल. प्रभूने त्यालाच तुमच्या दोन हजार हातांत ठेवले आहे. जवळचा शेजारी दूरच्या भावापेक्षा बरा, या अर्थाची शिकवण नीतिसूत्रांत (27:10) आहे. ती आपण जगून पाहावी. मंडळी दूर आहे म्हणून साक्ष दूर राहत नाही. तुमच्या वाड्यावर ख्रिस्त चालत जाईल तो तुमच्याच पायांनी.

आपण काय करावे?

उपदेश ऐकून घरी जाणे सोपे असते, म्हणून या महिन्यासाठी तीनच गोष्टी सुचवितो.

पहिली : आपल्या घरापासून पाव तास चालून या, एकदा सकाळी व एकदा संध्याकाळी, आणि वाटेतल्या किती घरांतील माणसांची नावे आपणांस ठाऊक आहेत ते मोजा. नाव ठाऊक नसलेल्या एका घरी जा. हातात काही न्यावयाचे असेल तर न्या, नाहीतर नुसते जा.

दुसरी : ज्याला चालता येत नाही असा आपल्या टापूतील एक मनुष्य शोधा. औषध आणून देणे, पेन्शनच्या कामाला सोबत करणे, ऊन उतरल्यावर दारात खुर्ची टाकून त्याला बसविणे, यांतले एक काम नेमाने पत्करा. त्याच्या खाटेचा एक कोपरा आपला समजा.

तिसरी : आपल्या रस्त्यावर म्हातारे माणूस व मूल निर्भयपणे चालू शकते काय, हे पाहा. चालू शकत नसेल तर कशामुळे, ते शेजाऱ्यांसह बसून ठरवा, आणि पंचायतीकडे किंवा नगरपालिकेकडे सर्वांच्या सह्यांनी लिहून द्या. जखऱ्याने पाहिलेले नगर आकाशातून पडत नाही. त्याचा एखादा चौक आपल्याच गावात सुरू होतो.

देवाचा पुत्र स्वर्गातून आपल्यापर्यंत आला, तो दुरून हाक मारून थांबला नाही. गालीलाच्या धुळीच्या वाटांवर तो माणसांच्या बरोबरीने चालला. त्याच्या पायांना धूळ लागली, आणि ज्यांच्या दाराशी तो उभा राहिला त्यांना तो मिळाला. आपलीही पावले त्याला द्या.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू दारोदार चालत गेलास. ज्यांच्याजवळ तू आम्हांस ठेवले आहेस त्यांची नावे आम्हांला शिकव. जो उठू शकत नाही त्याच्या खाटेला आमचा खांदा जिवंतपणीच लागू दे. आमच्या रस्त्यांवर म्हाताऱ्यांना विसावा व मुलांना खेळ मिळू दे. आमची भिंत आमच्या प्रीतीपेक्षा उंच होऊ देऊ नको, आणि तू पुढच्या गावाला निघशील तेव्हा आम्हांलाही उठव. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.